लॅम्बिकमधले फळ चवीपुरते नसते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बेल्जियममधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या फळांच्या लॅम्बिक बिअरवर (यीस्ट न घालता, हवेतल्या जंतूंवर आंबवलेली बेल्जियन बिअर) लेख आला. लेख छान आहे, पण ‘बिअरमध्ये फळांचा रस मिसळतात’ हे वाक्य खटकले. रस घालून गोड केलेल्या बिअरही बाजारात आहेत. ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला, पायोटनलँडमध्ये जुन्या पद्धतीने जे करतात ते वेगळे.

मुळात अशा शेतावर बिअर शिजवावीच लागते असे नाही. ब्लेंडर (लॅम्बिक पिंपात मुरवून, मिसळून बाटलीत भरणारा) वर्ट, म्हणजे धान्याचा न आंबलेला गोड काढा, विकत घेतो. त्यात किमान ३० टक्के गहू (मोड न आणलेला), बाकी बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), आणि वर्ष-दोन वर्षे जुने हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले). हॉप्स जुनेच लागतात, कारण कडवटपणा नको असतो, नको ते जंतू रोखण्याचा गुण तेवढा हवा असतो. कित्येक तास उकळलेला वर्ट उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवतो. यीस्ट घालत नाहीत. हवेतले आणि पिंपाच्या लाकडातले जंतूच ते काम करतात. उन्हाळ्यात नको ते जंतू वाढतात, म्हणून हंगाम थंडीचा, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. वर्ट एकदा ब्लेंडरच्या ओकच्या पिंपात पडला की पुढची चव त्याची.

काही महिन्यांनी पेडिओकोकस जिवाणूंमुळे बिअरला तार सुटते. नवखा माणूस ती ओतून देईल! ब्रेटॅनोमायसिस यीस्ट ही तार हळूहळू मोडते. तोवर पिंपाला हात लावायचा नाही.

आंबट चेरी लिटरला २०० ते ४०० ग्रॅम, अख्खी, बियांसकट घालतात. बदामासारखी कडसर झाक बियांतून येते, गाळलेल्या रसात ती नसते. चेरीतल्या साखरेवर आंबणे पुन्हा जोर धरते. पिंप काठोकाठ भरून बूच घट्ट ठोकले असेल तर फेस आणि साली तोंडाशी तुंबतात आणि बूच उडते. जोर ओसरल्यावर मात्र मोकळी जागा ठेवली की तरंगणारी फळे उघडी पडतात, बुरशी धरते, व्हिनेगरचा वास येतो. म्हणजे आधी जागा सोडायची, नंतर लॅम्बिक ओतून ती भरून काढायची. तोटीच्या आतून जाळी नसेल तर उपसताना सालींनी तोटी बंद. चेरी चार-सहा महिने राहू शकते. रास्पबेरीचा लवकर लगदा होतो, ती आधी काढावी.

खरी कसोटी बाटली भरताना. फळाची साखर संपलेली असते, म्हणून फेसासाठी कोवळे, अजून साखर शिल्लक असलेले लॅम्बिक मिसळतात. लिटरमागे ४ ग्रॅम आंबणारी साखर म्हणजे सुमारे एक व्हॉल्यूम वायू (एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड). तीन व्हॉल्यूमना १२ ग्रॅम. फसगत इथेच होते. साध्या यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन्स (लांब साखळीच्या शर्करा) ब्रेटॅनोमायसिस सावकाश खाते, त्यामुळे काही दिवस हायड्रोमीटरचा (साखर उतरल्याचे दाखवणाऱ्या घनतामापकाचा) आकडा हलला नाही म्हणून ‘थांबले’ समजलेले लॅम्बिक बाटलीत पुन्हा उठते. शॅम्पेनची जाड बाटली, बूच आणि वर तारेचा फास लागतो तो त्यासाठी.

ग्राहकाने लेबलवर ‘औड क्रीक’ (जुन्या पद्धतीचे चेरीचे लॅम्बिक) शोधावे. हे नाव युरोपीय संघात १९९७ पासून संरक्षित आहे. नुसते ‘क्रीक’ लिहिलेले गोड केलेले असू शकते.

अशी बिअर नाशिकलाही करावी, अशी सूचना लेखात आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या तिथल्या रात्री वर्ट निववायला पुरतील. पण एप्रिल-मे महिन्यांत पिंपे कुठे ठेवणार? उष्ण, कोरड्या खोलीत लाकूड सुकते, हवा आत शिरते आणि ॲसिटिक आम्ल वाढते. वाइनरीसारखे थंड तळघर हवेच. करवंदाला चीक, जांभळाला तुरटपणा; दोन्हींचे प्रमाण चेरीवरून ठरवू नये. पाच लिटरच्या काचेच्या बरणीत लिटरला १०० ग्रॅमपासून वेगवेगळी प्रमाणे करून पाहावीत, पण त्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना; तो विक्रीलाच नव्हे, बनवायलाही लागतो.

– दोन वाचक, नाशिक