मायचा गुडघा आणि तुम्ही: फिजिओथेरपीवाल्या ताईंना पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेच्या वऱ्हांड्यात तुम्ही गुडघे तपासत होता, तेव्हा एक बाई तुमच्याशी हुज्जत घालत होती. "गुडघ्यातलं वंगण सरलं म्हणतेत ना सारे, मंग एखादी सुई देऊन टाका ना ताई!" ती माझी माय. पत्र तिच्या वतीनं आहे. जाहीर लिहितोय, कारण निंदण करून गुडघे धरलेल्या बाया विदर्भात गावोगावी आहेत.

तुम्ही सुई दिली नाही. पाय लांब करून मांडी सैल सोडायला सांगितली आणि तिच्याच बोटांनी गुडघ्याची वाटी इकडून तिकडं हलवून दाखवली. मग म्हणालात, "आता मांडी आवळा." वाटी जागच्या जागी घट्ट! मायनं दोनदा करून पाहिलं, शेजारच्या काकूंच्याही गुडघ्यावर करून पाहिलं. वाटीचा लगाम मांडीच्या स्नायूच्या हाती आहे, हे साठी उलटल्यावर तिला कळत होतं.

त्याआधी शहरात एका ठिकाणी एक्स-रे काढला होता. "झीज झाली, वय झालं" एवढं ऐकून गोळ्यांची पिशवी घेऊन आलो होतो. ज्या कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराची, झीज होते तिला मज्जातंतूच नसतात, दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर आणि आजूबाजूचे स्नायू-बंध, हे तुमच्याकडून समजलं. म्हणूनच एक्स-रे वाईट असूनही कोणी वावरात धडधाकट चालतो, तर एखाद्याचा एक्स-रे बरा असून तो रात्रभर कण्हतो. त्या गोळ्याही मनानं महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटाला आणि किडनीला भोवतात, हे तुम्ही बजावलंत ते बरं झालं. आमच्याकडं त्या किराणा दुकानातही मिळतात.

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघडत-मिटत नाही, हे मला स्वतःला नवीन होतं. वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर गडगडतं, घसरतं आणि थोडं वळतंही. मधल्या दोन अर्धगोल गाद्या भार वाटून घेतात. खुर्चीवर गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकतो, उकिडवं बसलं की १३० च्याही पुढं जातो. तिथं वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. सोयाबीनच्या दोन ओळींमधल्या तासात सकाळपासून उकिडवं सरकायचं, वर बसल्या-बसल्या अंग पिळून बाजूचं तण उपटायचं. त्या गाद्यांना हाच पीळ महागात पडतो.

वजन कमी करा हा सल्ला काकूंना होता. माय तर काटकुळीच. तिला तुम्ही मांडीचा व्यायाम दिलात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, थोडं थांबायचं, सोडायचं. खुबाही तपासलात, कारण दुखणं खुब्यात असून कळ गुडघ्यात येऊ शकते. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला किंवा मधेच अडकून बसला, तर घरी शेकत न बसता दवाखाना गाठायचा, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आता निंदणाला माय थोड्या-थोड्या वेळानं उठून पाय मोकळे करते. मुकादम कुरकुरतो, कुरकुरू दे. जमेल तिथं मी उभ्यानं तण काढायचा हातडवरा चालवतो. संडासात खुर्ची बसवली. दुखणं गेलं नाही, पण पायरी चढताना ती भिंत धरत नाही आणि रात्री झोपते. व्यायामाची आठवण तर तीच मला करून देते, "तूही कर, बापा."

एक मात्र ऐकत नाही. जेवायला अजून खाली मांडी घालूनच बसते. "खुर्चीवर बसून भाकर गोड लागत नाही," म्हणते. आमचं चालत नाही, तेव्हा कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा या आणि तुम्हीच रागवा. वांग्याचं भरीत ती करणारच आहे.

आपला,
मायचा थोरला