बाबा, मदरबोर्ड गेलेला नाहीये

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, नवीन डिस्क लावल्यापासून वाय-फाय चालत नाहीये आणि रिपेअरवाला म्हणतोय मदरबोर्ड (म्हणजे आतला मुख्य बोर्ड) गेलाय, नवीन कॉम्प्युटर घ्या, तर आधी मुद्द्याचं सांगते. मदरबोर्ड गेलेला नाहीये, नवीन कॉम्प्युटर घ्यायची काहीही गरज नाहीये, आणि त्या रिपेअरवाल्याला अजून हो म्हटलं नसेल तर म्हणू नका. म्हटलं असेल तरी पैसे देऊ नका, मी बोलते त्याच्याशी.

फोनवरच सांगितलं असतं पण फोनवर आपलं काय होतं माहितीये ना, मी म्हणते राइट क्लिक करा, तुम्ही म्हणता केलं, मी म्हणते काय दिसतंय, तुम्ही म्हणता काहीच नाही, मग आई मागून म्हणते अहो चष्मा लावा आधी, आणि अर्धा तास त्यातच जातो. त्यापेक्षा लिहून पाठवतेय. तुमच्या मोबाइलवर उघडून शेजारी ठेवा आणि सावकाश करा. आईचा मोबाइल दुसऱ्या कामाला लागणार आहे, ते पुढे येतंच.

तुम्ही काल पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. एका फोटोत अर्धा तुमचा अंगठाच आलाय, पण कामाचं होतं ते दिसलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पार्टांच्या यादीत, 'अदर डिव्हायसेस' म्हणून लिहिलंय, त्याच्याखाली तीन नावं आहेत आणि तिन्हींवर पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. तो त्रिकोण दाखवून त्या माणसाने तुम्हाला सांगितलं की बोर्ड उडालाय. अहो उलट आहे! पार्ट खरंच मेला असेल तर बहुतेक वेळा यादीत त्याचं नावच येत नाही. नाव आलंय म्हणजे पार्ट जिवंत आहे, विंडोजला दिसतोय, फक्त तो चालवायचा छोटा प्रोग्रॅम विंडोजकडे नाहीये. त्या प्रोग्रॅमलाच ड्रायव्हर म्हणतात. बस, एवढाच आजार.

खात्री करायची असेल तर त्यातल्या कुठल्याही नावावर डबल क्लिक करा. जी खिडकी उघडेल त्यात एक चौकोन असतो, त्यातलं वाक्य इंग्रजीत असलं तरी कंसातला कोड नंबर तेवढा बघा. २८ असेल तर ड्रायव्हर टाकलेलाच नाहीये, निवांत चहा घ्या. १० असेल तर पार्ट सुरू होत नाहीये, आणि ४३ असेल तर पार्टनेच काहीतरी बिघाड कळवलाय म्हणून विंडोजने तो बंद केलाय, तेव्हा थोडी काळजी करायची. माझी पैज आहे तिन्हीकडे २८ निघणार.

हे झालं कसं तर त्या रिपेअरवाल्याने जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे नवीन पद्धतीची वेगवान डिस्क लावली, बरं केलं, कॉम्प्युटर पळायला लागला. पण नवीन डिस्कवर नुसतं विंडोज १० टाकलं आणि हात झटकले. आपला कॉम्प्युटर असेंबल केलेला, २०१६ ला लॅमिंग्टन रोडवरून तुम्ही स्वतः एकेक पार्ट निवडून आणलेला, तेव्हा त्या दुकानदाराने मदरबोर्डच्या खोक्यातली सीडी घालून सगळे ड्रायव्हर टाकून दिले होते. ते सगळे जुन्या डिस्कवर राहिले. विंडोज स्वतःबरोबर बरेच ड्रायव्हर घेऊन येतं म्हणून कीबोर्ड माउस चालतोय, पण सगळ्या जगातले कसे आणणार, उरलेले ते इंटरनेटवरून खेचतं. आणि आपल्याकडे नेमका वाय-फायचा डोंगलच, यूएसबीला लावलेला तो वाय-फाय पकडणारा तुकडाच बंद! ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट चालायला ड्रायव्हर हवा.

आई, तुझे फोटो फुगल्यासारखे दिसतायत ना आणि अक्षरं एवढी मोठी, ते पण ह्याच्यामुळेच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला की विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' नावाच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवतं. मॉनिटर खराब झालेला नाहीये, त्याला थापट्या मारू नकोस.

तर आधी लगीन कोंढाण्याचं, म्हणजे इंटरनेटचं. बाकी दोन त्रिकोण आणि आईचे फोटो नंतर. एकदा इंटरनेट आलं की त्यातलं बरंचसं विंडोज आपलं आपण करून टाकतं.

आता आईचा मोबाइल घ्या. त्याच्यावर घरचं वाय-फाय चालू ठेवा, हे महत्त्वाचं आहे, का ते सांगते. मोबाइल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा, मागच्या बाजूच्या यूएसबीला. वायर मोबाइलबरोबर आलेली ती पांढरी घ्या, स्टेशनबाहेरून घेतलेली काळी नको, तसल्या बऱ्याच वायरींमध्ये नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच, आणि मग माणूस तासभर डोकं फोडत बसतो. मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग शोधा, त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट वायरीतून कॉम्प्युटरला मिळतं. वायर लावलेली नसेल तर ते बटण दाबलंच जात नाही, त्यावरून वायर बरोबर आहे का तेही कळतं. थोड्या वेळात कॉम्प्युटरच्या खाली उजव्या कोपऱ्यात इंटरनेटचं चिन्ह येईल. मोबाइलसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो म्हणून हे जमतं. आणि मोबाइल वाय-फायवर असला तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच वाय-फाय वायरीतून पुढे देतात, आईचा रोजचा डेटा संपत नाही. नाहीतर कॉम्प्युटरला वाटतं आपण केबलने जोडलोय, इंटरनेट भरपूर आहे, आणि तो सगळे अपडेट खेचायला बसतो, मग संध्याकाळी आईच्या भजनाच्या ग्रुपवर काही उघडेना की मला फोन येणार.

आता स्टार्टमधून सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट. तिथे 'चेक फॉर अपडेट्स' दाबा आणि होऊ दे. मग तिथेच खाली 'व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स' असं बारीक अक्षरात येईल, त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' उघडा. तिथे जे असेल ते सगळं टिक करून डाउनलोड करा. ही जागा लोकांना माहीतच नसते. लोक काय करतात, डिव्हाइस मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर आणि मग आपोआप शोधा, आणि ते सरळ तोंडावर सांगतं की नाही सापडला. कारण हल्लीच्या विंडोज १० मध्ये ते बटण आधी फक्त कॉम्प्युटरच्या आतच शोधतं. नाही सापडला म्हणजे जगातच नाही असं धरून लोक हार्डवेअर बदलायला निघतात.

ह्याने डोंगल चालू झाला तर पुढचं वाचायची गरज नाही, पण बाबा तुम्ही वाचणारच, आणि तुम्हाला आवडेल असंच आहे.

तुम्ही रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपला होतात तेव्हा स्टोअरमधून पार्ट आणताना कुणी 'तो गोल वाला' सांगितलं तर चालायचं का? पार्ट नंबर लागायचा. इथेही तसंच आहे. डोंगलच्या पाकिटावर कंपनीचं नाव काहीही असेल, आतली चिप भलत्याच कंपनीची असते, आणि ड्रायव्हर चिपचा लागतो. तुमच्या फोटोत वरचं नाव आहे '८०२.११एन एनआयसी', ह्याचा अर्थ एवढाच की हे काहीतरी वाय-फायचं आहे. त्यावर डबल क्लिक करा, 'डिटेल्स' टॅबवर जा, तिथे एक खाली उघडणारी पट्टी असते तिच्यात 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळी येतील. सगळ्यात वरची बघा. यूएसबीच्या वस्तूला व्हीआयडी आणि पीआयडी असतात, बोर्डावरच्या वस्तूला व्हीईएन आणि डीईव्ही. पहिला नंबर बनवणाऱ्याचा, दुसरा मॉडेलचा. व्हीआयडीच्या पुढे ०बीडीए असेल तर चिप रियलटेकची. बोर्डावरच्या दोन त्रिकोणांना ८०८६ दिसेल, तो इंटेलचा नंबर. इंटेलचा ८०८६ नावाचा प्रोसेसर १९७८ साली आला होता, आजच्या आपल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर त्याच घराण्यातला, आणि तोच आकडा त्यांनी आपल्या पार्टांवर ओळख म्हणून लावलाय. मला हे कळलं तेव्हा इतकी मजा वाटली होती की ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते, कुणाला काही पडलेली नव्हती.

ती ओळ राइट क्लिक करून कॉपी होते. मायक्रोसॉफ्टचीच 'अपडेट कॅटलॉग' नावाची साइट आहे, तिथे शोधात नुसता व्हीआयडी पीआयडीचा तुकडा टाकला की ड्रायव्हरची यादी येते. विंडोज १० लिहिलेला आणि ६४ बिटचा घ्या. आपलं विंडोज ६४ बिटचं आहे, तुमच्या दुसऱ्या फोटोत दिसतंय, आणि ६४ बिटवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, कितीही जोर लावा. उतरलेली फाइल डबल क्लिकने उघडते, आतल्या सगळ्या फाइली कॉपी करून डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये टाका. मग परत डिव्हाइस मॅनेजर, राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, पण ह्यावेळी दुसरा पर्याय, 'ब्राउज माय कॉम्प्युटर', आणि तो फोल्डर दाखवा.

बाकीचे दोन त्रिकोण म्हणजे 'एसएम बस कंट्रोलर' आणि 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर'. नावं भारदस्त आहेत पण घाबरू नका, चिपसेटचा, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपांचा ड्रायव्हर टाकला की पहिला जातो आणि इंटेलचा मॅनेजमेंट इंजिनचा टाकला की दुसरा. ते राहिले तरी तुमचं एक्सेल अडणार नाही. हवेच असतील तर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचे. मॉडेल बघायला कॅबिनेट उघडायची गरज नाही, स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' टाइप करा, त्यात 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' समोर लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. गुगलवर ड्रायव्हर म्हणून शोधलं की सगळ्यात वर जाहिराती येतात, एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट वगैरे. घेऊ नका. तसले प्रोग्रॅम आधी फुकट तपासतात, लाल अक्षरात भरमसाट बिघाड दाखवतात, मग पैसे मागतात, आणि वर नको ते काहीतरी कॉम्प्युटरमध्ये सोडून जातात. आणि कुणी फोन करून म्हणालं मी विंडोजमधून बोलतोय, स्क्रीन बघायचं अ‍ॅप टाका, तर फोन ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असा आपणहून फोन करत नाही. तुमच्या पेन्शनचं बँक खातं त्याच कॉम्प्युटरवर उघडता तुम्ही. काही विपरीत झालंच तर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आई तूच लिही, बाबांचं अक्षर त्यांनाच लागत नाही.

तो माणूस अजून एक म्हणाला की विंडोज ११ ह्याच्यावर चालणार नाही. ते मात्र खरंय, २०१६ चा प्रोसेसर त्यांच्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण त्याचं काय करायचं ते आपण सावकाश ठरवू, डोंगल चालत नाही म्हणून घाईघाईत नाही. एका खऱ्या गोष्टीच्या आडून दुसरी खोटी खपवायची ही त्यांची जुनी पद्धत आहे.

आणि हो, जुनी हार्डडिस्क! ती त्याच्याकडेच आहे ना अजून? आजच्या आज जाऊन घेऊन या. 'काय कामाची नाय काका' म्हणेल, ऐकू नका. ती स्लो झाली होती, मेलेली नव्हती. तिच्यावर सोसायटीचे सगळे हिशोब आहेत, मेंटेनन्सची बिलं, सभासदांचे फोन नंबर, आणि ३० सप्टेंबरच्या आत एजीएम (वार्षिक सभा) घ्यायची म्हणजे ते सगळं तुम्हाला लागणारच, सेक्रेटरी तुम्ही, बोंब तुमच्या नावाने होणार. शिवाय ड्रायव्हरसाठी पण तीच सगळ्यात सोपी वाट आहे. बाहेरून यूएसबीने डिस्क जोडायची केबल मिळते, ती माझ्याकडे आहे. जुन्या डिस्कमध्ये विंडोज फोल्डर, त्यात सिस्टम ३२, त्यात ड्रायव्हर स्टोअर, तिथे आपल्या कॉम्प्युटरचे जुने ड्रायव्हर जसेच्या तसे पडलेले असतात, 'ब्राउज माय कॉम्प्युटर' मध्ये तो फोल्डर दाखवला की बरेचदा काम होतं. जुनं विंडोजही १० आणि ६४ बिटच होतं, म्हणून चालावं.

मी रविवारी येतेच आहे. वेस्टर्नला जम्बो ब्लॉक असला तर दहिसरहून यायला उशीर होईल, जेवायला थांबू नका. तोपर्यंत टेदरिंगपर्यंतचं तेवढं करून बघा, बाकीचं नाही जमलं तरी चालेल. काही करायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, आणि अंगठा बाजूला.

आई, गुडघ्याचं तेल आणतेय, मागच्या वेळचं संपवलंस का ते सांग.

तुमची,
मनू