दान कुणाचं, खर्च कुणावर?

संपादक महोदय,

गरीब देशांना मदत देताना श्रीमंत देशांनी हात आखडता घेतला म्हणून कालच्या अग्रलेखात आपण ढाळलेले अश्रू वाचले. करमणूक झाली, आभार. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यायची, हे संयुक्त राष्ट्रांत 1970 मध्ये ठरलं. अमेरिकेने तो आकडा कधीच गाठला नाही. ब्रिटनने 2015 मध्ये त्याचा कायदाच केला, 2021 मध्ये 0.5 वर उतरले आणि आता 2027 पर्यंत 0.3 वर येणार. वाचलेला पैसा संरक्षणाला! शिवाय 2022 मध्ये त्यांच्या मदतनिधीतला चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा खुद्द ब्रिटनमध्येच, आश्रयाला आलेल्यांच्या सोयीवर खर्च झाला. नियमात बसतं म्हणे.

असली खतावणी मी जवळून पाहिली आहे. नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या एका आरोग्यसंस्थेत मी हिशेब लिहीत असे. पैसा युरोपातून यायचा. एकदा मूल्यमापनाला तिकडून एक साहेब आले. त्यांचं विमानभाडं, पुण्यातलं हॉटेल, गाडी, मानधन, सगळं आमच्याच प्रकल्पाच्या खात्यावर. तेवढ्यात आमच्या सगळ्या नर्सबाईंचा वर्षाचा पगार भागला असता. अहवालात साहेबांनी काय लिहावं? संस्थेचा प्रशासकीय खर्च जास्त आहे! चहाच्या व्हाउचरवर सही नाही, हेही त्यांना दिसलं. पुढच्या वर्षी दोन ओळींचं पत्र आलं : आमचे प्राधान्यक्रम बदलले आहेत. नर्सबाईंना ते सांगायचं काम माझ्या गळ्यात. त्यातल्या एकीने नोकरीचं काही विचारलंच नाही, म्हणाली, "भाऊ, पोरांचे पुढचे डोस कोण देणार?"

ब्रिटनने ऐंशीच्या दशकात मदतीच्या पैशातून आपल्याला 21 वेस्टलँड हेलिकॉप्टरं दिली, ती आठवतात का? त्यांचाच कारखाना, त्यांचाच माल. अपघात झाले आणि ती जमिनीवरच बसली.

'यूएसएड' ही परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था गुंडाळल्यावर आफ्रिकेत एचआयव्हीच्या रुग्णांची औषधं अडली, त्याची थट्टा करायची नाही. पण त्या रुग्णांना आपल्या अग्रलेखात एक ओळ, आणि 'जागतिक नेतृत्वाच्या पोकळी'ला तीन परिच्छेद?

ता. क. : एसटीच्या मुक्कामी गाड्यांबद्दलचं माझं मागच्या महिन्यातलं पत्र अजून छापलेलं नाही. बिल्डरांच्या जाहिरातींतून जागा उरली तर पाहावं.

– एक निवृत्त हिशेबनीस, सातारा