छोटा ससा ही छोटी जबाबदारी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘छोटा ससा, छोटी जबाबदारी’ हा लेख वाचला. सोमवारीही राग गेला नाही, म्हणून लिहिते आहे. लेखिकेच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण शाळांना सुट्ट्या लागायच्या तोंडावर ‘फ्लॅटमधल्या मुलांसाठी सगळ्यात सोपा प्राणी’ असं छापल्यावर किती घरांत या आठवड्यात पिंजरा आला असेल, याची मला मनापासून काळजी वाटते.

आमच्याकडे नेदरलँड ड्वार्फ या बुटक्या जातीचा ससा आहे. नाव भुऱ्या. मुलगी सातवीत असताना तिच्या मामाने आणून दिला. मुलगी आता कॉलेजात जाते आणि भुऱ्या अजून आहे, कारण नीट सांभाळला तर ससा आठ ते बारा वर्षं जगतो. लेखात याबद्दल एक ओळ नाही. दहावीचं वर्ष येतं, क्लास लागतात, मुलं शिकायला बाहेरगावी जातात, आणि सशाचं गवत-पाणी आईच्या अंगावर येतं.

लेखात ड्वार्फच्या ‘बाहुलीसारख्या गोल चेहऱ्याचं आणि चपट्या नाकाचं’ फार कौतुक आहे. त्याच चपट्या नाकाने आमच्या घराला रडवलं. भुऱ्या पहिल्याच वर्षी गवत टाकून द्यायला लागला, हनुवटी सारखी ओली, छातीवरचे केस लाळेने चिकटलेले. तोंड उघडून पाहिलं तर खालचे पटाशीचे दात ओठाबाहेर आलेले आणि वरचे आत वळून टाळूकडे निघालेले. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पटाशीचे तर वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर. वरचे-खालचे नीट जुळले तर ते एकमेकांवर घासून झिजतात, आणि चिवट गवत चावून दाढा झिजतात. ड्वार्फचा वरचा जबडा आखूड, त्यामुळे पुष्कळ ड्वार्फांचे दात जुळतच नाहीत. जे रूप बघून आपण त्याला घरी आणतो, तेच त्याचं दुखणं असतं.

एका दवाखान्यात नेलं. तिथे कुत्र्यांची नखं कापायच्या कटरने दात कापले आणि ‘झालं, घेऊन जा’ म्हणाले. दात उभा चिरला. हिरडीखाली पू धरला आणि ससा खायचा थांबला. सशाने खाणं थांबवणं म्हणजे काय, हे तुमच्या लेखात कुठेही नाही. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही की ते मंदावतं, गॅस धरतो, लेंड्या बंद होतात आणि मग जीव जायला वेळ लागत नाही. मुलगी रात्रभर सिरिंजने पातळ खाणं भरवत बसली होती. सकाळी लेंडी दिसली तेव्हा ती रडली. पुढे सशांचं काम येणारे डॉक्टर भेटले. त्यांनी बरेच महिने मशीनने दात घासून दिले आणि शेवटी भूल देऊन पटाशीचे दात काढूनच टाकले. आता भुऱ्या ओठांनी उचलतो आणि दाढांनी चावतो. त्याची मेथी-कोथिंबीर रोज बारीक चिरावी लागते, सणावारीही. ही आमची छोटी जबाबदारी.

विकणाऱ्याने आम्हाला सांगितलं होतं, ‘गाजर द्या, पाणी लागत नाही.’ तुमच्या लेखातही रोज एक गाजर सांगितलं आहे. गाजरात साखर असते. किलोभराच्या जिवाला ते तुकडाभर, कधीमधी, एवढंच. सशाचं मुख्य खाणं वाळलेलं गवत. ते दिवसभर समोर हवं, आणि पाणीही. लसूणघास हा हिरवा चारा पूर्ण वाढलेल्या सशाला रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम फार असतं. शिवाय कुत्र्या-मांजरांना सर्रास तोंडाने देतात ते अमॉक्सिसिलिन आणि गोचिडांवर लावतात ते फिप्रोनिल, ही दोन्ही औषधं सशाचा जीव घेऊ शकतात. तुम्हाला औषधांची यादी छापायची नव्हती हे मी समजू शकते, पण ‘ससे बघणारा डॉक्टर आधी शोधा, मग ससा आणा’ एवढं एक वाक्य तरी हवं होतं.

‘दोन आणा, पिल्लंही होतील, मुलांना गंमत’ हा सल्ला वाचून तर मी पेपर खाली ठेवला. बुटकेपणाचा जीन एका पालकाकडून आला तर पिल्लू ड्वार्फ होतं. दोघांकडून आला तर ते जगत नाही. खऱ्या ड्वार्फची जोडी लावली तर सरासरी चारातलं एक पिल्लू असं जन्मतं, इतरांहून कितीतरी लहान, आणि बहुधा काही दिवसांत मरतं. दुसऱ्या एकात तो जीन येतच नाही, ते मोठं होतं. ही गंमत कुठल्या मुलाला दाखवायची आहे?

मांडीवर घेऊन खेळायचं म्हणाल, तर सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय जोरकस. धरलेला ससा घाबरून लाथ मारतो आणि त्याचाच कणा मोडू शकतो. लहान मुलांनी त्याच्याशी जमिनीवर बसून खेळावं. आणि हे सगळं नागपूरच्या उन्हाळ्यात. सशाला अंगभर घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो, आणि ड्वार्फचे कान इवलेसे. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, इथे तो पंचेचाळीसला टेकतो. आमच्याकडे एप्रिल-मे भुऱ्याच्या खोलीतला कूलर दिवसभर बंद होत नाही आणि वीज गेली की पहिली धाव त्याच्याकडे.

फोटोबद्दलही लिहायला हवं. लांब पाय, लांब कान, मानेमागे काळा डाग असलेला तो प्राणी पाळीव ससाच नाही. तो आपल्या शेतातला रानससा, त्याची जातच वेगळी, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. विदर्भात शेताच्या बांधावर रानसशाचं पिल्लू एकटं दिसलं की लोक पोरकं समजून उचलून आणतात. आई दिवसा त्याच्यापासून लांब राहते आणि पाजायला परत येते. पाळीव सशाच्या लेखावर हा फोटो छापून तुम्ही अशा लोकांच्या हाती प्रमाणपत्र दिलंत. याची दुरुस्ती येत्या रविवारी, लेख आला त्याच पानावर यायला हवी.

सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात छापण्याआधी एका जाणकाराला फोन करणं अवघड नव्हतं. पूर्वी तुमच्याच शनिवारच्या अंकात पशुवैद्यांचं प्रश्नोत्तराचं सदर असायचं. ते बंद करून तिथे आता राशिभविष्य दुप्पट जागेत येतं. मी तेव्हाही पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. ते सदर पुन्हा सुरू करा, आणि पहिला प्रश्न सशाच्या दातांचा घ्या.

आपली,
एक जुनी वाचक, नागपूर