घाटातला खोळंबा डबे बदलून संपणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली रेल्वेच्या नव्या डब्यांची बातमी वाचली. नवे डबे हवेतच. पण ‘घाटात दुसरा बोगदा झाला की खोळंबा संपेल’ हे शेवटचं वाक्य लिहिण्याआधी बातमीदारानं एकदा गोव्याकडं उतरणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर, कॅसलरॉकला, गाडीत बसून राहायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यात आईचे डोळे दाखवायला तिला गोव्याला नेत होतो. लोंढ्याला गाडी धरली. डबा जुना, खिडकीची झडप अर्ध्यावर अडकलेली. ती वरही जाईना, खालीही येईना. तिनईघाट सोडलं आणि पाऊस तिरका आत यायला लागला. आईनं आधी पदर लावला, मग माझी छत्री उघडून खिडकीला धरून बसली. कॅसलरॉकला गाडी थांबली. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासतात, ते व्हायलाच हवं, तिथं घाई नको. पण तपासणी झाली तरी सिग्नल पडेना. खालून कोळशाची मालगाडी चढत होती. ती आली, पुढची इंजिनं गेली, मग वाघिणींची रांग, मग मागून ढकलणारी इंजिनं. तोवर आम्हाला थांबून पावणेदोन तास झाले होते. मडगावला उतरून पुढं दवाखान्यात पोचलो तेव्हा ओपीडी बंद झाली होती. ओल्या लुगड्यानिशी आईला नातेवाइकांकडं मुक्काम करावा लागला.

हा घाट ३७ मीटरला एक मीटर चढतो. बोगदे १८८० च्या दशकातले, छोट्या गाडीसाठी खोदलेले, पुढं मोठ्या रुळासाठी रुंद केलेले. रूळ आजही एकच, त्यामुळं एक गाडी चढत असली की दुसरीला थांबणं आलंच. पण कुणी थांबायचं हे माणसंच ठरवतात. आमच्या गाडीत दवाखान्याला निघालेली चार-पाच म्हातारी माणसं होती. त्यांना आधी सोडून मालगाडी घाटाच्या पायथ्याशी कुळ्याला थांबवली असती, तर कोळशाचं काय नासलं असतं?

दुसऱ्या बोगद्याचं, म्हणजे दुसऱ्या रुळाचं म्हणाल, तर कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली. ते जंगल आम्हाला परकं नाही. पाऊस तिथंच अडतो, त्यावरच आमच्या विहिरी भरतात. याच घाटात दूधसागर-सोनावलीच्या मध्ये जुलै २०२१ मध्ये दरड येऊन प्रवासी गाडीचे डबे घसरले, हेही विसरू नये. तो डोंगर आणखी फोडण्याआधी आहे त्या रुळावर प्रवाशाला पुढं सोडून बघा. त्याला ना झाड तोडावं लागतं, ना सुरुंग लावावा लागतो.

आता डब्यांबद्दल. जुन्या पद्धतीचे डबे बांधणं २०१८ मध्येच बंद झालं. तरी आमच्या वाट्याला तेच. पुणे-हुबळी वंदे भारत २०२४ ला आली, बेंगळुरू-बेळगाव २०२५ ला. दोन्ही चांगल्या आहेत, पण आमच्या खानापूरला त्यांचा थांबा नाही. रोज सकाळी पास काढून बेळगावला कामाला जाणाऱ्या पोरींना नवा डबा कधी मिळणार, एवढं तुमच्या बातमीदारानं विचारून छापावं.

आणखी एक. त्या दिवशी निघताना फलाट बदलल्याची घोषणा कन्नड, हिंदी, इंग्रजीत झाली. मराठीत नाही. तिन्ही भाषांना माझा मान आहे. पण खानापूर तालुक्यातल्या माझ्या आईच्या वयाच्या बाईला त्यातलं एक अक्षर कळत नाही. आई बाकावर तशीच बसून राहिली होती, मी धावत येऊन हात धरून नेलं म्हणून गाडी मिळाली. चौथी घोषणा करायला अर्धं मिनिट लागतं.

आईची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. यावेळी आम्ही आदल्या दिवशीच निघणार आहोत.

आपला,
एक वाचक, खानापूर