वर्गात एकच फोन पुरे, तोही शिक्षकांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांनी वर्गात स्मार्टफोन वापरावा की नाही, यावर बोलताना तासाचा हिशेब कुणी मांडत नाही. तास ३५ मिनिटांचा, पटावर ६० मुले. ‘फोन काढा आणि धड्यातला क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हटले की कुणाची बॅटरी उतरलेली, कुणाचा नेटपॅक संपलेला, कुणाच्या फोनमध्ये दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपला जागाच नाही. ज्यांचे सुरू होते ते सगळे एकाच टॉवरकडे एकाच मिनिटाला व्हिडिओ मागतात, मग पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. शेवटच्या बाकापर्यंत धडा पोहोचेतो दहा-बारा मिनिटे गेलेली असतात आणि पुढच्या बाकावरचा मुलगा तोवर रील पाहू लागलेला असतो. यात मुलाचा दोष नाही. हातात उघडा फोन देऊन त्याला ‘थांब’ म्हणणे चुकीचे आहे.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड उपयोगाचे आहेत, ते वापरलेच पाहिजेत. त्यासाठी शिक्षकांचा एक फोन पुरतो. आदल्या संध्याकाळी कोड स्कॅन करून व्हिडिओ दीक्षामध्ये डाउनलोड करून ठेवला, की वर्गात रेंज नसली तरी अडत नाही. फोन टीव्हीला जोडताना मात्र पैसे वाया जाण्याचा धोका असतो. टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणली जाते, टीव्हीवर काहीच उमटत नाही आणि केबल खराब म्हणून दुसरी आणली जाते. केबल बहुधा चांगलीच असते. स्वस्त फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग होते, फाइली जातात, पण चित्र बाहेर पडत नाही. त्यामुळे खरेदीआधी फोन आणि टीव्ही दोन्हींत मिराकास्ट (फोनचा पडदा केबलशिवाय टीव्हीवर दाखवण्याची सोय) आहे का ते पाहावे. त्याला इंटरनेट लागत नाही.

सर्व मुलांची उत्तरे एकदम हवी असतील तर प्लिकर्स या ॲपची कागदी कार्डे वापरावीत. कार्डावर काळी चौकोनी नक्षी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी. मूल आपले उत्तर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरते, शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणाचे काय चुकले ते लगेच कळते. नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचे कार्ड पाहून उपयोग नाही. नेहमीचा संच ४० कार्डांचा असतो. मोठ्या वर्गासाठी ६३ चा घ्यावा आणि कार्ड क्रमांक हजेरी क्रमांकाप्रमाणे द्यावा. चकचकीत लॅमिनेशन करू नये. खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. बोटे नक्षीवर आली तरी तेच होते, म्हणून कार्ड कडेला धरायला पहिल्याच दिवशी शिकवावे.

मुलांच्या हाती फोन द्यावा असे प्रसंग थोडे. अकरावीच्या प्रयोगशाळेत १ मीटर दोरीच्या दोलकाची २० आंदोलने मोजायची (सुमारे ४० सेकंद लागतात), तर स्टॉपवॉच म्हणून पाच जणांत एक फोन द्यावा. तो विमान मोडवर टाकावा आणि सेटिंगमधील सुरक्षेच्या भागात जाऊन ‘ॲप पिन’ सुरू करावे, म्हणजे पडद्यावर एकच ॲप अडकून राहते. ‘अनपिन करताना पिन विचारा’ हा पर्याय सुरू केला नाही, तर हे कुलूप दोन बटणांत उघडते.

उरलेला वेळ फोन कुलपात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सरसकट बंदी योग्य नाही असे म्हटले, पण शक्य असेल तिथे शाळेत आल्यावर फोन जमा करावेत आणि वर्गात ते वापरू नयेत, असेही सांगितले. प्रश्न जमा करण्याच्या रीतीचा आहे. पत्र्याच्या डब्यात एकावर एक टाकलेल्या फोनना ओरखडे पडतात आणि पालक भांडायला येतात. हजेरी क्रमांक घातलेले कापडी कप्पे शिवून घ्यावेत, ते कपाटात टांगावेत, किल्ली वर्गशिक्षकांकडे. फोन सायलेंट नको, पूर्ण बंद हवा. काही मुले जुना बंद पडलेला फोन जमा करतात आणि चालू फोन दप्तरात ठेवतात. म्हणून जमा करताना आधी पडदा उजळून दाखवायचा, मग बंद करायचा. जूनमध्ये पालकांकडून हँडसेटचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) लिहून घ्यावा, तो *#०६# दाबल्यावर दिसतो. परत देताना कार्यालयाच्या एका खिडकीवर सगळी शाळा उभी केली तर एसटी चुकते. शेवटच्या तासाची पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि वर्गातच वाटप करावे. पालकांना निरोपासाठी कार्यालयाचा एक क्रमांक द्यावा आणि तो उचलला गेलाच पाहिजे.

हे सगळे करून शाळाच घरचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवत असेल, तर दिवसभर कुलपात ठेवलेला फोन संध्याकाळी आपणच मुलाच्या हाती देतो. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या स्थितीवरील अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यास पाहायला उघडलेला फोन कुठे जातो, ते यातून दिसते. शिवाय ज्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, तिथे स्वाध्याय रात्री नऊला पोहोचतो. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास फोन आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. अशा गावातल्या मुलाला स्वाध्याय फोनवर पाठवून कसे चालेल? तो शेवटच्या तासाला फळ्यावर लिहावा आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यावा. तीन मिनिटे लागतात.

– काही माध्यमिक शिक्षक, सांगली जिल्हा