झेरॉक्सच्या दुकानातला डाउनलोड्स फोल्डर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, सीईटीच्या फेऱ्या, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज एकामागून एक येतात आणि त्या सगळ्यांची खरी रांग लागते झेरॉक्सच्या दुकानासमोर. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’च्या अर्जांनी ही रांग रस्त्यापर्यंत नेली होती. माहितीच्या चोरीच्या बातम्या येतात त्या मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरबद्दल. पण आधार, पॅन, जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि पासबुकाचे पहिले पान, सगळे एकाच माणसाचे आणि एकाच दिवशी आलेले, कुठे सापडेल? कोपऱ्यावरच्या दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये. दुकानदाराची नियत वाईट असते असे मुळीच म्हणायचे नाही. पानामागे दोन-तीन रुपये मिळवणाऱ्याला गर्दीत फायली पुसत बसायला सवड नसते, आणि विंडोज त्या आपणहून पुसत नाही, एवढीच गोष्ट आहे.

काउंटरवर ‘प्रिंटसाठी या नंबरवर वॉट्सॲप करा’ असा कागद चिकटवलेला असतो. पाठवलेली फाइल आधी दुकानाच्या मोबाइलवर पोहोचते. फोटो असेल आणि ऑटो-डाउनलोड चालू असेल तर तो गॅलरीत बसतो. गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर तिथून दुकानदाराच्या गूगल खात्यात जातो. संगणकावर वॉट्सॲप वेब उघडेच असते. तिथून छापण्यासाठी फाइल उतरवली की आणखी एक प्रत डाउनलोड्समध्ये. त्याच नावाची फाइल आधी असेल तर नावापुढे कंसात आकडा लागतो, आणि हंगामात दुपारपर्यंत तो आकडा चाळिशी गाठतो. पान एकच छापले, पण त्याच्या तीन-चार प्रती मागे राहिल्या.

इथे बरेच जण ‘डिलीट फॉर एव्हरीवन’वर विसंबतात. ते बटण साधारण अडीच दिवसांपर्यंत चालते, पण पुसते ते संभाषणातला संदेश. संगणकावर उतरलेल्या फाइलला ते हातही लावत नाही. आपोआप नाहीशा होणाऱ्या संदेशांचेही तेच. ‘व्ह्यू वन्स’ने, म्हणजे एकदाच पाहता येईल असा, पाठवलेला फोटो तर छापताच येत नाही, त्यामुळे दुकानदार ‘साधा पाठवा’ म्हणतो आणि आपण पाठवतो.

नंबर द्यायला नको म्हणून काही जण दुकानाच्या संगणकावर स्वतःचे वॉट्सॲप उघडतात. हा इलाज रोगापेक्षा भयंकर. क्यूआर स्कॅन करून जोडलेला संगणक, आपण तो तोडेपर्यंत, जोडलेलाच राहतो. मूळ फोन १४ दिवस वापरलाच नाही तरच तो आपोआप तुटतो, आणि फोन तर आपण रोज वापरतो. सेटिंग्जमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये एकदा जाऊन पाहा. तिथे चारपर्यंत उपकरणे जोडता येतात. ओळखीचे नसलेले एखादे ‘विंडोज’ किंवा ‘क्रोम’ दिसले तर त्यावर बोट ठेवून ‘लॉग आउट’ करा. मेल उघडायचाच असेल तर ब्राउझरची गेस्ट खिडकी वापरा आणि ‘पासवर्ड जतन करू का’ या प्रश्नाला नाही म्हणा. इन्कॉग्निटो खिडकीबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: ती इतिहास ठेवत नाही हे खरे, पण तिच्यातून उतरवलेली फाइल डाउनलोड्समध्ये तशीच राहते.

त्यातल्या त्यात बरा मार्ग जुनाच आहे. एक लहान पेन ड्राइव्ह ठेवावा आणि त्यात छापायची तेवढीच फाइल न्यावी. ती दुकानाच्या संगणकावर कॉपी न करता पेन ड्राइव्हवरूनच उघडायला सांगावी आणि तिथूनच कंट्रोल-पी (छापण्याची आज्ञा) द्यावी. दुकानांतल्या संगणकांवर पेन ड्राइव्हचे व्हायरस हमखास असतात. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले की समजावे. म्हणून घरी आल्यावर तो पेन ड्राइव्ह संगणकाला न लावता ओटीजीने (पेन ड्राइव्ह फोनला लावायच्या छोट्या जोडणीने) फोनला जोडून तिथेच फॉरमॅट करावा. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस अँड्रॉइडवर चालत नाही.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतोच की, असे कुणी म्हणेल. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. सुरेश नावाच्या, १९९० साली जन्मलेल्या माणसाचा पासवर्ड ‘एस-यू-आर-ई’ आणि पुढे १९९०. नाव माहीत असेल तर शोधायचे राहते फक्त वर्ष. १९४० ते २०१० धरली तरी एकाहत्तर शक्यता. तेवढेही कष्ट कुणाला घ्यावे लागत नाहीत, कारण बहुतेक ग्राहक पासवर्ड पुढच्याच संदेशात पाठवून मोकळे होतात. पासवर्ड स्वतः टाइप करावा, हे सांगायला हवे ते यासाठी. आणि पीडीएफमधून कार्ड कापून प्लास्टिकवर छापून देणाऱ्यांकडे तर पासवर्ड निघालेली नवीच फाइल तयार होते. अशी बाजारात छापलेली कार्डे वापरू नयेत, त्यांत सुरक्षेच्या खुणा नसतात, असे आधार प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीत सांगितले होते.

त्यापेक्षा मास्क्ड आधार उतरवावे. मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने आत गेल्यावर ‘डाउनलोड आधार’मध्ये मास्क्डची चौकट टिचकावली की बारापैकी पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. पासवर्डची पद्धत तीच. हे न करता हाताने अंक झाकणारे दोन ठिकाणी फसतात. फोनवर फोटो रंगवताना ते हायलायटर निवडतात. चार-पाच वेळा फिरवल्यावर डोळ्यांना काळे दिसते, पण तो रंग अर्धपारदर्शक असतो. उजळपणा वाढवला की खालचे अंक वर येतात. पूर्ण भरीव चौकट टाकावी आणि त्यानंतर त्या चित्राचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवावा. कागदावर मार्कर मारला तर तो कागद उजेडात धरून वाचता येतो. त्याऐवजी मूळ कार्डावर कागदाची पट्टी ठेवून मगच झेरॉक्स काढावी. दुसरी फसगत क्यूआरची. आताच्या आधारच्या क्यूआरमध्ये पूर्ण क्रमांक नसतो, शेवटचे चार अंक असतात. पण सुरुवातीच्या काळात घरी आलेल्या आधार पत्रांवरच्या क्यूआरमध्ये बाराही अंक साध्या मजकुरात होते. घरात ते जुने पत्र अजून वापरात असेल तर अंक झाकून क्यूआर उघडा ठेवणे म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड.

हे सगळे सरकारला माहीत नाही असे नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले होते: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड प्रत वापरा, सायबर कॅफेतल्या संगणकावर ई-आधार उतरवू नका, उतरवलेच तर सगळ्या प्रती पुसा. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, गैरसमज होऊ शकतो म्हणून ते मागे घेतले गेले आणि लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी असे सांगण्यात आले. नेहमीची सावधगिरी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला. मागे घेतलेले पत्रक हेच या विषयावरचे सर्वांत उपयोगी सरकारी लेखन होते, असे माझे मत आहे.

दुकानदारांसाठी मात्र उपाय खरोखर सोपा आहे, आणि एकदाच करायचा आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, स्टोरेज सेन्स असे जावे. हे चालू करून ‘रोज’ चालेल असे ठेवावे. त्यात डाउनलोड्ससाठी ‘कधीच नाही’ असे मुळात निवडलेले असते. ते बदलून एक दिवस करावे, रिसायकल बिनलाही एक दिवस. दिवसभर न उघडलेली फाइल आपोआप जाईल. यातली मेख अशी की स्टोरेज सेन्स डेस्कटॉपला हात लावत नाही, आणि आपल्याकडचे दुकानदार फायली डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर (२७)’ करून ठेवण्यात पटाईत. तेव्हा कामाचा एकच फोल्डर, आणि तो डाउनलोड्समध्येच, एवढी शिस्त लागेल. स्वतःचे जीएसटीचे कागद तिथे ठेवले असतील तर आधी हलवा, नाहीतर या पत्रलेखकाला शिव्या बसतील.

दुकानाच्या फोनवर वॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट मेसेज टायमर’ २४ तासांवर ठेवावा. तो नव्या संभाषणांनाच लागू होतो, जुन्या गिऱ्हाइकांच्या चॅटमध्ये तो वेगळा लावावा लागतो. सोबत मीडियाचे ऑटो-डाउनलोड आणि गॅलरीत दिसणे दोन्ही बंद. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘छापलेली कागदपत्रे ठेवा’ अशा अर्थाची एक चौकट असते. ती टिचकावलेली नाही ना, हे पाहावे. पुसलेली फाइल जुन्या हार्ड डिस्कवरून फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येते, तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. त्यामुळे संगणक विकताना किंवा दुरुस्तीला देताना विंडोजमधल्याच ‘सायफर’ या आज्ञेने रिकामी जागा भरून काढावी.

मोठ्या डिजिटल झेरॉक्स यंत्रांतही हार्ड डिस्क असते, हे तर पुष्कळांच्या गावीही नसते. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने भाड्याने घेतलेली कॉपियर यंत्रे डिस्क न पुसता परत केली. त्यांतून रुग्णांची माहिती बाहेर आली, आणि २०१३ मध्ये त्या संस्थेला बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. आपल्याकडे अनेक दुकानांत बाहेरून आलेली जुनी यंत्रे चालतात आणि पुढे तीच दुसऱ्या गावी विकली जातात. विकण्याआधी देखभाल करणाऱ्या इंजिनिअरकडून डिस्क ‘ओव्हरराइट’ करून घ्यावी. यंत्राच्या ॲडमिन मेनूमध्ये ती सोय असते.

अर्ज भरून देण्याच्या कामात आणखी एक घोळ आहे. विद्यार्थ्याकडे ई-मेल नसला की दुकानदार आपलाच देतो, आणि पासवर्ड ठेवतो नावापुढे ‘ॲट १२३’. प्रवेशफेरीत पसंतिक्रम बदलायचा तर याच लॉगिनने बदलतो, आणि पासवर्ड विसरला तर परत मिळवण्याची लिंक दुकानाच्या मेलवर जाते. ऐन फेरीत दुकान दोन दिवस बंद राहिले तर? पालकांनी अर्जाआधी पाच मिनिटे काढून मुलाच्या नावे मेल उघडावा, मोबाइल क्रमांक घरातलाच द्यावा आणि अर्ज झाला की घरी येऊन पासवर्ड बदलावा.

मुळात या प्रती लागतात कशाला? ऑनलाइन अर्जात आधारची पडताळणी ओटीपीने झालेली असते, तरी कार्यालय ‘दोन झेरॉक्स जोडा’ म्हणतेच. झेरॉक्स काही सिद्ध करत नाही. क्यूआर स्कॅन केला तर प्राधिकरणाची डिजिटल सही खरी आहे का ते एका क्षणात कळते. डिजिलॉकरमधले दस्तऐवज मूळ प्रतीइतकेच ग्राह्य धरावेत असा केंद्राचा नियम २०१७ पासून आहे. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. तोवर निदान शाळा-महाविद्यालयांनी माहितीपुस्तिकेत ‘मास्क्ड आधार चालेल’ ही तीन शब्दांची ओळ छापावी. काउंटरवरच्या लिपिकाला ती दाखवता येते. नियमाचा क्रमांक नाही दाखवता येत.

ज्यांच्या प्रती आधीच चारी दिशांना गेल्या आहेत त्यांनी घाबरू नये. नुसत्या झेरॉक्सवर बँकेतून पैसे निघत नाहीत. आधारवरून पैसे काढायला बोटाचा ठसाही लागतो. मात्र क्रमांक आणि ठसा दोन्ही एका कागदावर मिळाले तर गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये कर्नाटकात दस्तनोंदणी केलेल्यांच्या खात्यांतून अशा प्रकारे पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. मायआधारवर बायोमेट्रिक, म्हणजे बोटाच्या ठशांसारखी ओळख, लॉक करून ठेवता येते, फुकट. एक अडचण आधीच सांगतो: लॉक असताना रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा चालत नाही, ३३० क्रमांकाची त्रुटी येते आणि दुकानदार ‘तुमचे आधार बंद पडले’ म्हणतो. बंद काही पडलेले नसते. तात्पुरते अनलॉक केले की दहा मिनिटे मिळतात, तेवढ्यात अंगठा द्यायचा. म्हणजे अनलॉक घरून निघताना नाही, रांगेत नंबर आल्यावर करायचे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते, नको असलेली तिथूनच कळवता येतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन.

आणि शेवटी कागदाबद्दल, कारण एवढे सगळे करून बाजी तिथे हरते. तिरकी आलेली, शाई फिकट पडलेली, एक बाजू उलटी छापलेली प्रत दुकानात यंत्राखालच्या खोक्यात जाते. तिच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या गिऱ्हाइकाची चाचणी प्रिंट निघते, नाहीतर महिन्याअखेरीस खोके रद्दीवाल्याकडे आणि तिथून भेळेच्या गाडीवर. आपली बिघडलेली प्रत मागून घ्यावी. दुकानदार देतो, फक्त आजवर कुणी मागितलेली नसते.

आपला नम्र,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, सांगली